वरचा सांधा

“टोकाला धरून उचललं की सगळं रॉकेट उचललं गेलं पाहिजे,” वसगडेकर सर म्हणाले, “आणि आतून एक धक्का बसला की तेच टोक सुटून बाजूला झालं पाहिजे. असा सांधा जमेल तुला?”

मी तंबोऱ्याचा भोपळा मांडीवर घेऊन काचकागद मारत होतो. “सर, आमच्या घराण्यात सांधा सुटायचा रिवाजच नाही,” मी म्हणालो. “माझ्या आजोबांनी एका राजेसाहेबांसाठी तंबोरा केलेला. राजवाड्याला आग लागली. राजवाडा जळाला, तंबोरा जळाला. सांधा तेवढा उरला.”

“नुसता सांधा?”

“नुसता सांधा. राजेसाहेब दसऱ्याला त्याची पूजा करायचे.”

एरवी सरांनी या थापेची सालं काढली असती. तीस वर्षं त्यांनी हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवलं होतं, आणि दर रविवारी मिरजेतल्या माझ्या दुकानात बसून माझ्या गोष्टींतल्या चुका काढणं हा त्यांचा छंद होता. “बाबालाल, सांध्यातला सरस किती डिग्रीला वितळतो सांग बरं,” असं काहीतरी विचारायचे आणि मला गोत्यात आणायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी स्टूल ओढलं, बसले, आणि जुन्या चादरीत गुंडाळलेली पुठ्ठ्याची नळी माझ्यापुढं ठेवली. हसले नाहीत.

रॉकेट त्यांचं नव्हतंच. कृत्तिकाचं होतं, त्यांच्या मुलीचं. एकुलती एक, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीच्या सुट्टीत ती स्वतःच ही नळी काखोटीला मारून दुकानात आली होती. तिला आम्ही सतारीला वापरतो त्या तून लाकडाचं टोक करून हवं होतं. कागदावर मापं काढून आणलेली, मिलिमीटरात. मी म्हणालो, उद्या देतो. मग म्हणालो, परवा. दर खेपेला एक नवी गोष्ट सांगून मी तिला परत लावली. पोरगी हसायची आणि सायकलीला टांग मारायची. जानेवारीत तिला कावीळ झाली, नवव्या दिवशी गेली. तिचा कागद माझ्या कपाटात तसाच घडी घातलेला होता.

“दोन सांधे आहेत,” सर म्हणाले. नळी मधोमध कापलेली होती, स्कूटरवर न्यायला सोपी पडावी म्हणून. “हा खालचा. एकदा जोडला की हलता कामा नये. आणि हा वरचा, टोकाचा. हा जोडायचा तो सुटण्यासाठीच.”

“ते कसं काय?”

सरांनी मला शिकवलं, वर्गात पोरांना शिकवावं तसं. तासगावकडच्या एका दारूकाम करणाऱ्याकडून त्यांनी नळा भरून घेतला होता. नळा पेटला की रॉकेट वर जाणार. दारू संपली की आत एक छोटा बार उडणार. त्या बारानं टोक ढकललं जाणार, आणि टोकाखाली घडी करून ठेवलेली छत्री बाहेर पडणार. छत्री म्हणजे कृत्तिकाची केशरी ओढणी, सहा दोऱ्या लावलेली.

“टोक निघालं नाही तर?”

“तर छत्री उघडणार नाही. मग ते भाल्यासारखं खाली येईल.” सर थांबले. “आणि ही आतच राहील.”

त्यांनी शर्टाच्या खिशातून बटर पेपरची एक पुडी काढली. करंगळीएवढी होती. माझ्या हातात दिली नाही, नुसती दाखवली आणि परत खिशात ठेवून बटण लावलं.

मला कळायला जरा वेळ लागला.

“बाकीची राख शाळेच्या आवारात बकुळ लावली तिच्या मुळाशी घातली,” सर म्हणाले. “मंत्र नाही, भटजी नाही. नदी आधीच पुरेशी घाण आहे. पण एवढी ठेवली. तिचं रॉकेट तिच्याशिवाय उडवून काय करू? हजार फूट, बाबालाल. तिचंच गणित आहे. टोक सुटलं की पुडी फुटेल आणि ती वाऱ्यावर जाईल.”

मी भोपळा खाली ठेवला. कपाटातून तिचा कागद काढला. सरांनी तिचं अक्षर पाहिलं आणि उठून रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले.

तीन दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. खालच्या सांध्यासाठी आतून लाकडी कडं बसवलं, त्यात बाहेरून बांबूच्या चार मेखा. तो सांधा हत्तीनं ओढला तरी सुटला नसता, हे मी शपथेवर सांगतो, आणि माझ्या शपथेची काय किंमत आहे ते मिरजेत कुणालाही विचारा. टोक तून लाकडाचं, कातून, आतून पोखरून हलकं केलेलं. खालच्या अंगाला दोन बोटं रुंद गळा, तो नळीत जाऊन बसायचा. सतारीची खुंटी बसवतात तसाच मी तो बसवला. खुंटी फिरायलाही हवी आणि धरायलाही हवी. अडकत असेल तर आम्ही खडूची पूड लावतो. सरकत असेल तर राळेची. खडू पांढरा, राळ पिवळी. माझ्या बंडीच्या खिशात दोन्हीच्या पुड्या कायम असतात. या टोकाला खडू लागणार होता.

चौथ्या दिवशी दुपारी वहिनी आल्या. सरांच्या बायकोनं माझ्या दुकानाची पायरी कधी चढली नव्हती. आता चढल्या आणि उभ्याच राहिल्या.

“बसा की वहिनी.”

“बसायला नाही आले. हेच का ते?” त्यांनी रॉकेटाकडं बोट केलं. हात लावला नाही.

“होय. झालंय जवळजवळ.”

“टोक सुटतं म्हणे वर गेल्यावर.”

“सुटतं.”

“सुटू देऊ नका.”

मी काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं आणि त्यांच्याकडं बघून मिटलं.

“भाऊ, तिचं काही केलं नाही ह्यांनी,” वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी सरळ होता, भाजीचा भाव सांगावा तसा. “दहावा नाही, तेरावा नाही. मला न विचारता झाडाला घालून आले आणि मग सांगितलं. मी म्हटलं, निदान मूठभर तरी ठेवायची होती, कृष्णेवर नेऊन सोडली असती. ठेवलीय म्हणाले. मला वाटलं, माझ्यासाठी ठेवलीय.”

“मागून घ्या की त्यांच्याकडं.”

“मागितली. रात्री झोपतानाही तो शर्ट काढत नाहीत.” त्यांनी पदर सावरला. “त्यांना उडवायचंय ना, उडवू दे. तिचीही हौस होती. पण खाली आलं की पुडी आत असू दे. तेवढी मी उचलीन आणि घाटावर नेईन. नाहीतर माझ्या पोरीचा शेवट कुठं झाला ते मला कधी कळणार नाही. वारा म्हणजे काही जागा आहे का, भाऊ? मी कुठं जाऊन हात जोडू?”

छत्री त्या टोकाखाली आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते सांगायची वेळ तीच होती. सांगितलं असतं तर त्या घरी जाऊन भांडल्या असत्या, सर चिडले असते, दोघांनी आठ दिवस अबोला धरला असता आणि कदाचित काहीतरी मार्ग निघाला असता. पण माझा स्वभाव असा, की समोरच्याला जे हवं तेच माझ्या तोंडून निघतं. गोष्टी सांगणाऱ्या माणसाला नाही म्हणायची सवय नसते.

“होईल,” मी म्हणालो. “तुम्ही काळजी करू नका.”

“नक्की ना?”

“माझा सांधा आहे, वहिनी.”

त्या गेल्यावर मी स्वतःलाही एक गोष्ट सांगितली. दंडोबाच्या डोंगराकडच्या माळावर उडवायचं ठरलं होतं, आणि माळाला लागून उसासाठी नांगरून पाणी दिलेलं काळं रान होतं. मऊ, लोण्यासारखं. रॉकेट पडेल, रुतेल, फार तर पुठ्ठा चेमटेल. तून लाकूड काही असं तसं फुटत नाही. पुडी आत सुखरूप राहील. सरांना उड्डाण मिळेल, वहिनींना पुडी. दोघंही माझे हात धरतील. ही गोष्ट मला इतकी आवडली, की मी ती दोन दिवस मनात घोळवत बसलो.

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही माळावर होतो. सर स्कूटरवर, रॉकेट दोन तुकड्यांत पाठीला बांधून. वहिनी आणि मी रिक्षानं. वहिनींच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत तांब्याचा गडू.

“हे कशाला?” सरांनी विचारलं.

“पाण्याला,” वहिनी म्हणाल्या.

वारा पडलेला होता. सरांनी लोखंडी सळी जमिनीत ठोकली, स्कूटरची बॅटरी काढून वायरी लावल्या. खालचा सांधा मी जोडला, चारही मेखा ठोकल्या. सरांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिला. हूं म्हणाले. मग त्यांनी केशरी ओढणीची घडी आत सरकवली, दोऱ्या नीट लावल्या. सर्वांत शेवटी शर्टाच्या खिशाचं बटण उघडलं.

पुडी हातात धरून ते बराच वेळ उभे राहिले. वहिनी दोन पावलं पुढं आल्या. मला वाटलं, आता दोघंही काहीतरी बोलतील. सरांनी पुडी ओढणीवर ठेवली.

“टोक तूच बसव,” ते मला म्हणाले. “तुझा सांधा आहे.”

मी पाठ फिरवून बसलो. बंडीच्या खिशात हात घातला. दोन पुड्या बोटाला लागल्या. वहिनी माझ्या उजव्या अंगाला, सर डाव्या. मी राळेची पुडी काढली.

गळ्याला राळ चोळली, टोक आत दाबलं आणि तीन वेळा जोरात पिळलं. पिळलं की राळ गरम होते, मऊ पडते आणि निवली की धरते. एकदा धरली की ती लाकूड सोडत नाही.

“खडू लावलास?”

“लावला.”

सरांनी टोकाला धरून रॉकेट उचलून पाहिलं. उचललं गेलं. अजून एक झटका देऊन बघायला हवा होता, तसं ठरलंही होतं. पण पुडी आत गेल्यावर त्यांना तो झटका देववला नाही.

“मागं व्हा,” ते म्हणाले. मग हळू म्हणाले, “चल गं.”

पुढचं मी आजवर शेकडो गिऱ्हाइकांना सांगितलंय. रॉकेट असं वर गेलं की घारी बाजूला झाल्या, ढगाला भोक पडलं आणि ते खाली आलंच नाही, अजून वरच आहे, दसऱ्याच्या आसपास मावळतीला दिसतं. लोक हसतात. काही जण तर मावळतीला बघतातही.

झालं ते असं. ते वर गेलं, सरळ, पांढरी रेघ ओढत, तिनं कागदावर काढलं होतं अगदी तसं. फार सुंदर गेलं. सरांनी डोळ्यांवर हात धरला होता आणि ते सेकंद मोजत होते. वर जाऊन ते जरा तिरपं झालं, थांबल्यासारखं वाटलं आणि आतून बार ऐकू आला. दूर कुणी दार लावावं एवढाच आवाज. शेपटाकडून थोडा धूर निघाला.

“सुट,” सर म्हणाले. “सुट. सुट ना.”

टोक खाली झालं. केशरी काही दिसलं नाही. ते शिट्टी वाजवत खाली आलं, आणि माळावर नाही, काळ्या रानात, आमच्यापासून शंभर पावलांवर घुसलं. वहिनींनी गडू पोटाशी धरला होता. पिशवी कधीच खाली पडली होती.

आम्ही धावलो. मऊ रान मला वाटलं तसंच होतं, गुडघ्यापर्यंत पाय जात होते. नळी उभी चिरली होती. माझे दोन्ही सांधे टिकले होते. मधला पुठ्ठा तेवढा फाटला होता आणि आतलं सगळं बाहेर ओतलं गेलं होतं. ओढणी चिखलात होती. बटर पेपरचे तुकडे होते. राख कुठं नव्हती. काळ्या ओल्या मातीनं ती पिऊन टाकली होती.

सर गुडघ्यावर बसले. चिखलात हात घालून त्यांनी टोक उपसून काढलं, नळीच्या तोंडाचं पुठ्ठ्याचं कडं अजून त्याच्या गळ्याला घट्ट होतं. त्यांनी ते पिळलं, हललं नाही. दगडावर आपटलं तेव्हा कडं फाटलं. गळ्यावर पिवळा थर होता. सरांनी नखानं तो खरवडला, वास घेतला. मग माझ्याकडं पाहिलं.

“छत्री का नाही उघडली?” वहिनींनी विचारलं.

“छत्री टोकाखाली होती,” सर म्हणाले. “टोक निघालं तर छत्री.”

वहिनींनी चिखलातल्या ओढणीकडं पाहिलं. मग म्हणाल्या, “मीच सांगितलं होतं यांना. चिकटवा म्हणून.”

“कळलं,” सर म्हणाले.

“मला पुडी हवी होती.”

“कळलं म्हटलं ना.”

वहिनी माझ्याकडं वळल्या. “भाऊ, तुम्हाला ठाऊक होतं छत्रीचं?”

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललोय. त्यातलं बहुतेक लोकांनी हसावं म्हणून. “नाही वहिनी,” मी म्हणालो.

दुकानात त्या स्टुलावर बसून सरांनी मला छत्रीचं अक्षर न् अक्षर शिकवलं होतं. त्यांनी हातातलं टोक चिखलात ठेवलं आणि तोंड फिरवलं.

मग वहिनी खाली बसल्या. नऊवारीचा काचा मारला, गडू बाजूला ठेवला आणि जिथं नळी फाटली होती तिथली माती चिमटीनं उकरायला लागल्या. तुमच्यात याला सावडणं म्हणतात. चिता निवल्यावर तिसऱ्या दिवशी घरचे पुरुष जातात आणि राखेतून हाडं वेचतात. बायका जात नाहीत, निदान त्या काळी जात नव्हत्या. आमच्यात माणूस अख्खा मातीत जातो, त्यामुळं हा प्रसंग माझ्या घरी कधी आला नाही. पण मिरजेत जन्म गेला, मला माहीत होतं मी काय बघतोय ते.

थोड्या वेळानं सर त्यांच्यासमोर बसले. तेही वेचायला लागले.

मी वाकलो तेव्हा सर म्हणाले, “तू नको.” राग नव्हता त्यात. “तिथं बांधावर थांब.”

मी बांधावर थांबलो. ऊन वर आलं. शेताचा मालक बैल घेऊन आला, लांबूनच बघितलं, आणि बैल तसेच परत घेऊन गेला. दोघं मातीत वाकून होते. मध्येच एकमेकांच्या तळहातावर काहीतरी ठेवत होते, बघत होते. एकदा सरांनी वहिनींच्या कपाळावरचा चिखल मनगटानं पुसला.

बऱ्याच वेळानं दोघं उठले. वहिनी बांधाकडं आल्या. पदराच्या ओच्यात त्यांनी पांढरं पांढरं जमवलं होतं, पंचवीस-तीस बारीक कण, ज्वारीएवढे, काही हरभऱ्याएवढे.

“भाऊ, तुम्ही सतारीची ती तारांखालची घोडी हाडाची करता ना?”

“करतो.”

“मग बघा हे. काळ्या रानात चुनखडीही असते. मला कळेना झालंय.”

हाड मला डोळे मिटून कळतं. बोटात घेतलं की कळतं. ते हलकं असतं, नखाला किंचित खरबरीत लागतं, चुनखडी गार आणि जड लागते. वहिनींनी पहिला कण माझ्या तळहातावर ठेवला. चुनखडी होती.

“हे?”

“तिचं,” मी म्हणालो.

त्यांनी तो गडूत टाकला. तांब्यावर आवाज झाला.

“हे?”

चुनखडी. “तिचं.”

“हे?”

हे खरंच हाड होतं, तांदळाएवढं. मी ते दुसऱ्या तळहातावर घेतलं. “तिचं.”

असं चाललं होतं. सर मागून येऊन उभे राहिले. भौतिकशास्त्राबरोबर अडल्यानडल्याला रसायनही शिकवलेला माणूस. चुनखडी कशी ओळखायची हे पोरांना आम्लाचा थेंब टाकून तेच दाखवायचे. ते बघत होते, मी कुठल्या कणाला काय म्हणतोय.

मग वहिनींनी जे उचललं त्याकडं बघून त्यांचा हातच थांबला. तो गोगलगायीचा शंख होता, मुगाएवढा, पांढराफटक. त्याचं वेटोळं स्पष्ट दिसत होतं. कुणालाही कळलं असतं.

“हे नसेल,” त्या म्हणाल्या. “हे तिचं नसेल ना?”

मी सरांकडं पाहिलं.

सरांनी हात पुढं केला. वहिनींच्या तळहातावरून तो शंख उचलला, शर्टाच्या कडेनं पुसला, आणि स्वतःच्या हातानं गडूत ठेवला.

“असू दे,” ते म्हणाले. “तिचंच आहे.”

वहिनींनी ओच्यातला पुढचा कण उचलला.